साठपर्यंत

टक्.
एवढंच वाजलं. थ्री-नॉट-थ्रीला न शोभणारं,
कुणी डब्याचं झाकण लावावं तसं.
चैताली लोणकरने मान वळवायला घेतली
आणि मी म्हणाले, हलू नकोस.
नळी तिकडेच, बांधाकडे. बोट बाहेर.
आता मनात साठ मोज,
घाईचे नाहीत, घड्याळाचे.

पाषाणच्या टेकडीमागे सकाळचे साडेआठ.
लाल निशाण काठीला चिकटून बसलेलं,
बाकीच्या पाच जणी रायफली ठेवून मागे सरकलेल्या,
हवालदार टेमघरेंच्या ओठात अर्धी शिटी.
आणि तंबूच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीत
माझी आई.
एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात काडतुसं तपासून
निवृत्त झालेली, आणि कुणाला गोळी झाडताना
आज पहिल्यांदा बघायला आलेली.

एकवीस. बावीस.
आतल्या गोळीच्या मनात काय आहे
ते बाहेरून कळत नाही.
कधी ठिणगी वाटेत रेंगाळते,
बंडगार्डनच्या पुलावर अडकलेल्या पीएमटीसारखी.
येत नाही म्हणून पाठ फिरवावी
तर येते.

साठ.
मॅगझीन आधी काढ. आधी.
बोल्ट आधी ओढलास आणि चुकून पुढे ढकललास
तर खालची दुसरी वर चढेल,
रिकामी करता करता भरून बसशील.
हां. आता दांडा वर. मागे. सावकाश.
झेलायची नाही, पडू दे सतरंजीवर.

पडली.
पितळी, अखंड, बुडाशी एक खळगा.

आता घरात बघ. दिसतंय रिकामं?
डोळ्यांचं ऐकू नकोस, करंगळी घाल.
मॅगझीनच्या खाचेतही.
आता पुन्हा एकदा.
दोनदा बघितलं म्हणून
इथे कुणी वेडं म्हणत नाही.
"रिकामी, मॅडम."
महिनाभरात पहिल्यांदा
तिचा आवाज मला मागे वळून विचारत नव्हता.

टेमघरेंनी शिटी पुरी केली.
तेव्हा कुठे आई उठली. चप्पल काढून,
कुणाच्या घरात शिरावं तशी सतरंजीपाशी आली,
हात पाठीशी बांधून वाकली.
टेमघरेंनी काडतूस टोक बांधाकडे करून धरलं,
तिने चष्मा कपाळावर ढकलला,
बुडावरची अक्षरं वाचली. मग साल.
मी झाले ते साल.

पट्ट्यावरून मिनिटाला चाळीस यायची,
हे तिनेच कधीतरी भाकरी थापताना सांगितलेलं.
तीन महिन्यांची मला बोपोडीत
शेजारच्या फिलोमिनाबाईंकडे ठेवून
ती पहिल्या पाळीला जायची.
दूध साचायचं, पोलकं भिजायचं,
जेवणाच्या भोंग्यापर्यंत दात आवळून
चाळीस, चाळीस, चाळीस.

"माझ्या हातातनं गेली असंल."

टेमघरे समजूत घालू लागले:
बत्तीस वर्षं झाली, बाई,
कोठारातली ओल असते, होतं असं,
हजारात एखादी.
आईने त्यांना बोलू दिलं.
मग म्हणाली, "ओल नंतरची, साहेब.
मी आधीचं बोलतीय."

चैताली अजून पालथीच पडलेली,
कोपर मातीत, बोल्ट उघडा.
तिला कुणी ऊठ म्हटलंच नव्हतं.
मी म्हटलं. ती उठली,
गुडघे झटकले, आणि आईकडे बघून
काय बोलावं न सुचून
नमस्कार केला.

ती गोळी वेगळ्या डब्यात गेली,
ज्या डब्याला कुणी हात लावत नाही.
नोंदवहीत तारीख, क्रमांक, साल,
'चालली नाही: एक.'
'तपासणाऱ्याची सही'पुढे
टेमघरेंचं नाव यायचं,
पण पेनासाठी हात
आईचा पुढे आला होता.